गोंधळ्याच्या पोटावरचे दिवे

गोंधळ्या शाळेत आला त्या दिवशी पहिलीच्या वर्गात एवढा दंगा झाला, की शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना वाटलं साप निघाला. ते लांब पट्टी घेऊन धावत आले आणि दारातच थबकले. सगळी मुलं टेबलाभोवती जमली होती. टेबलावर भोपळ्याएवढं, निळ्या कापडाचं, लांब कानांचं एक खेळणं बसलं होतं. खिडकीतल्या कावळ्याकडे कान रोखून ते अतिशय गंभीर आवाजात म्हणालं, "लुक! अ बिग ब्लॅक कॅट!"

"नो, गोंधळ्या!" लास्या गड्डम टेबलावरच चढायला निघाली. "नो कॅट! क्रो! क्रो!"

"ओ, क्रो," गोंधळ्या म्हणाला. मग जरा विचार करून त्यानं विचारलं, "क्रो सेज म्याऊ?"

मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

पद्मजा चिप्पा, म्हणजे पहिलीच्या बाई, फळ्याला टेकून हे बघत होत्या. त्यांच्या इंग्रजीच्या तासाला मुलं नेहमी एका सुरात 'सी ए टी कॅट' म्हणायची, पण आपणहून एक शब्द कुणी बोलायचं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली ही शाळा. लास्या घरी तेलुगू बोलायची, गल्लीत मराठी बोलायची आणि इंग्रजीच्या तासाला बेंचखाली चपला मोजायची. तीच लास्या आज कुणी विचारलेलं नसताना इंग्रजीत ओरडत होती. पद्मजाच्या अंगावर काटा आला.

मधल्या सुट्टीत चहा पिता पिता डॉ. अबोली राजाध्यक्षांनी त्या खेळण्याचं गुपित उलगडून सांगितलं. गोंधळ्या त्यांनी आणि त्यांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेनं बनवला होता.

"त्याला इंग्रजी येत नाही असं समजू नका, बाई. त्याला सगळं येतं. ते लपवायचं कसं, हे शिकवण्यात आमची वर्षं गेली."

"लपवायचं कशाला पण?"

"सांगते. मूल बोलत असताना जो शब्द त्याला पक्का येतो, तो सरळ येतो. जो अर्धवट येतो, त्याच्या आधी ते किंचित थांबतं. श्वास रोखतं, आवाज केसभर वर जातो. तुमच्या-माझ्या कानाला ते कळत नाही. गोंधळ्याच्या कानात मायक्रोफोन आहेत, त्यांना कळतं. त्यावरून तो प्रत्येक मुलाचा एक नकाशा करतो. कुठले शब्द घट्ट बसलेत, कुठले अजून डळमळतायत. आणि जिथं डळमळतंय, नेमका तिथंच तो चुकतो."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम. पक्क्या शब्दाला चुकला तर मुलांना कंटाळा येतो. अजिबात माहीत नसलेल्या शब्दाला चुकला तर चूक कळतच नाही. म्हणून तो मुलापेक्षा कायम एकच पायरी खाली राहतो. त्याला सुधारायला गेलं, की मूल तो डळमळणारा शब्द स्वतःच्या डोक्यातून ओढून काढतं. ऐकलेल्या शब्दापेक्षा असा ओढून काढलेला शब्द जास्त टिकतो. आणि आपल्यापेक्षा ज्याला कमी येतं, त्याची भीती कुणाला वाटते?"

पद्मजानं कप खाली ठेवला. "पण आता तर सगळ्यांच्या कानात भाषांतराची यंत्रं आहेत. माझ्या मिस्टरांचे शेठ तमिळ व्यापाऱ्याशी तासन्‌तास बोलतात. पालक विचारतात, इंग्रजी शिकायचंच कशाला म्हणून."

"यंत्र तुमचं वाक्य पोचवतं हो," अबोली म्हणाल्या. "पण ते वाक्य तोंडातून काढायचं धाडस कुठून आणायचं?"

हा प्रश्न पद्मजाच्या घरातलाच होता. इंग्रजी तिला वाचता यायचं, लिहिताही यायचं. पण समोर कुणी उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटायची. तिची मुलगी मल्लिका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत होती. तिथं कानातलं यंत्र फाटकाशीच काढून ठेवावं लागायचं. गेल्या वर्षी पालकसभेत मल्लिकाच्या बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. पद्मजानं घाईनं "यस, यस" म्हटलं आणि सगळे हसले. मल्लिका घरात बराच त्रास देते का, असा तो प्रश्न होता. त्या संध्याकाळी मल्लिकानं सांगून टाकलं, "पालकसभेला पप्पांनाच पाठव. ते निदान गप्प तरी बसतात."

पुढच्या दिवसांत पहिलीच्या वर्गाची पार जत्रा झाली. दुकान-दुकान खेळताना गोंधळ्या गिऱ्हाईक व्हायचा आणि दोन किलो हत्ती मागायचा. मग दुकानदार समर्थ कमरेवर हात ठेवून त्याला ऐकवायचा, "नो एलिफंट! ओन्ली ओनियन!" मैदानात लपाछपी व्हायची. गोंधळ्याला कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायचं आणि त्यानं कानांनी दिशा दाखवत लपलेल्या गड्याला शोधायचं. त्याला डावं-उजवं कळायचं नाही. "गो लेफ्ट! अरे, दॅट इज नॉट लेफ्ट! दॅट इज वॉल!" असा आरडाओरडा रस्त्यापर्यंत जायचा आणि येणारे-जाणारे फाटकाशी थांबून बघायचे. सुट्टीची घंटा झाली तरी मुलं घरी जायला तयार नसायची. लास्याची आई सरस्वती तिला न्यायला आली की हताश होऊन म्हणायची, "बाई, आमचं ध्यान झोपेतपण 'नो, नो' ओरडायलंय बघा."

पद्मजाही त्या खेळात शिरली होती. तिची जीभही जरा सैल झाली होती. आणि तिथंच घोटाळा झाला.

त्या दिवशी गोंधळ्याचं चार्जिंग संपलं होतं. पद्मजानं त्याला कपाटात चार्जिंगला लावून ठेवलं आणि वर्गाला सांगितलं, "चिल्ड्रन, टुडे गोंधळ्या इज स्लीप."

लास्याचे डोळे चमकले. ती टुणकन उभी राहिली. "नो, गोंधळ्या! स्लीपिंग!"

"नो, गोंधळ्या!" अख्खा वर्ग ओरडला. टाळ्या पडल्या. मुलं इतकी खूश झाली होती, की समर्थनं येऊन बाईंना मिठीच मारली. बाई आता त्यांच्या खेळातल्या झाल्या होत्या, याहून मोठा मान मुलांकडे नव्हता. पद्मजाला हे कळत होतं. तरी तिचे कान तापले. पालकसभेतलं ते हसू पुन्हा आजूबाजूला पसरल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तिनं गोंधळ्याला पिशवीत घालून घरी आणलं. त्याच्या कानाची शिवण उसवली होती, हे निमित्त होतं. तिचा नवरा व्यंकटेश गणवेश शिवायच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. त्यानं गणवेशाच्याच निळ्या दोऱ्यानं कान शिवून दिला, गोंधळ्याला एक टपली मारली आणि चपला घालून भाजी आणायला गेला. पद्मजानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"हॅलो," ती हळूच म्हणाली.

"हॅलो! आय नॉट नो यू," गोंधळ्या म्हणाला.

"आय... आय डोन्ट नो यू. असं म्हणायचं."

"ओ! आय डोन्ट नो यू. व्हॉट यू आर मेकिंग? चेअर?"

पद्मजाला हसू फुटलं. तिच्या हातात पिठाचा गोळा होता. "नो चेअर! भाकरी. इट इज अ ब्रेड. ब्रेड ऑफ ज्वारी."

"ज्वारी इज अ बर्ड?"

"अरे बाबा! ज्वारी इज नॉट अ बर्ड. ज्वारी इज अ ग्रेन. इन द फिल्ड. फर्स्ट यू पुट द वॉटर हॉट..."

गोंधळ्या पाण्यात साबण घालायला निघाला. भाकरी दोरीवर वाळत घालू का, असं त्यानं विचारलं. पद्मजा पिठाचे हात हलवत त्याला रागावत होती, समजावत होती, पुन्हा रागावत होती. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण केव्हापासून इंग्रजीत बोलतोय आणि घसा कोरडा पडलेला नाही. छातीत कारंजं उडावं तसं झालं.

मग तिला दारात उभी असलेली मल्लिका दिसली.

"मम्मी, 'पुट द वॉटर हॉट' असं नसतं," मल्लिका म्हणाली.

"मग तू शिकव की त्याला."

मल्लिकानं केस मागे सारले आणि शाळेच्या स्टेजवर उभी राहिल्यासारखी सुरुवात केली. "गुड ईव्हनिंग. माय नेम इज मल्लिका चिप्पा. आय स्टडी इन स्टँडर्ड सिक्स. माय हॉबीज आर रीडिंग, ड्रॉइंग अँड स्केटिंग." एकही खाच नाही. गोंधळ्या शांतपणे ऐकत होता. त्याला चुकायला जागाच मिळत नव्हती. पद्मजाला अभिमान वाटला आणि थोडं टोचलंही.

मग गोंधळ्यानं विचारलं, "मल्लिका, व्हाय युअर फादर स्टिच माय इअर?"

"बिकॉज..." मल्लिका म्हणाली. "बिकॉज युअर इअर... इअर..."

हे कुठल्याच धड्यात नव्हतं. तिनं श्वास रोखला. आवाज केसभर वर गेला आणि तिथंच थांबला.

"बिकॉज माय इअर इज हंग्री?" गोंधळ्यानं विचारलं.

पद्मजा दचकली. मघाशी भाकरीच्या वेळी तो तिच्यासाठी असाच चुकत होता. अगदी इतकाच सोपा. आईसाठी तो जेवढा खाली उतरला होता, तेवढाच लेकीसाठीही उतरला होता. मल्लिकाचं इंग्रजी पाठ केलेलं होतं. पाठांतर संपलं तिथं तिलाही तोच कोरडा घसा, तीच भीती होती.

मल्लिका हसली नाही. "मला येतं हे. वर्गात येतं मला."

"येतं की," पद्मजा म्हणाली.

वर्षभराचं दुखणं तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. एक वाक्य टाकलं असतं की फिट्टंफाट झाली असती. तिनं ते गिळलं आणि गोंधळ्याकडे वळून म्हणाली, "नो, गोंधळ्या. इअर इज नॉट हंग्री. इअर इज... इज कट."



"टॉर्न," मल्लिका हळू आवाजात म्हणाली. "इट वॉज टॉर्न."

"टॉर्न!" पद्मजा आणि गोंधळ्या एकदमच म्हणाले आणि मल्लिकाला खुदकन हसू आलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात तिघांचा कल्ला चालायचा.

पण पुढच्या महिन्यात शाळेत नवा गोंधळ्या आला. रंग तोच, कान तेच. फक्त पोटावर सात छोटे दिवे होते.

या प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानाचे प्रमुख होनराव स्वतः तो घेऊन आले होते. भला माणूस, बोलायला मोकळा. "बाई, तुमच्या वर्गाचं सगळीकडे नाव झालंय. आता जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत गोंधळ्या द्यायचा विचार आहे. पण पालकांना प्रगती दिसायला नको का? मूल ज्या पायरीवर, तेवढे दिवे लागतील. महिनाअखेरीला तुमच्याच शाळेत जाहीर प्रात्यक्षिक ठेवू."

पालकांना दिवे फार आवडले. फाटकाशी दुसरं बोलणंच राहिलं नाही. "आमच्या समर्थचे चार लागतात, तुमच्या लास्याचे किती?"

लास्याचे दोन लागायचे. कारण ती सगळ्यात जास्त बोलायची, येत नसलेल्या शब्दांतही उडी मारायची, आणि अडखळली की दिवे विझायचे. दोन-तीन दिवस तिनं त्या दिव्यांकडे पाहिलं. मग ती शहाणी झाली. "कॅट. बॅट. मॅट," एवढंच बोलायला लागली. येतं तेवढंच. लगेच पाच दिवे लागले. बाकीच्यांनीही तिचं बघून तेच केलं. लपाछपी बंद पडली. दुकानात कुणी हत्ती मागेना. वर्ग एवढा शांत झाला, की शेजारच्या गुरुजींनी येऊन विचारलं, "बाई, आज पोरं आली नाहीत का?"

पद्मजानं अबोलींना फोन लावला.

"मीही तेच बघत बसलेय," अबोली म्हणाल्या. "तुमच्या वर्गाची माहिती विचित्र येतेय. मुलं कुठंही अडखळत नाहीत. सगळ्यांचं सगळं पक्कं दिसतंय."

"मॅडम, ती बोलतच नाहीत. लास्या तोंड मिटून बसते."

अबोली सावकाश म्हणाल्या, "म्हणजे चुकायची जागाच मुलांनी बंद केली. अडखळणं नाही तर गोंधळ्याला काही दिसणार नाही, आणि मुलांना काही शिकता येणार नाही. दिव्यांना मी विरोध केला होता, बाई. पण होनरावांना आलेख दाखवून पटत नाही. त्यांना पालक खूश दिसतायत."

प्रात्यक्षिकाचा शनिवार उजाडला. मैदानात मांडव घातला होता. पालक, शेजारच्या शाळांचे शिक्षक, पुढच्या खुर्चीत होनराव, त्यांच्या बाजूला अबोली. व्यंकटेश अर्धी सुट्टी टाकून आला होता. मल्लिकाच्या शाळेला सुट्टी होती. "मीपण येते," ती आपणहून म्हणाली होती.

लास्याला पुढं बोलावलं. ती गोंधळ्यासमोर ताठ उभी राहिली. "कॅट. बॅट. मॅट. रॅट."

पाच दिवे लागले. टाळ्या वाजल्या. सरस्वतीनं पदरानं डोळे टिपले. लास्या मात्र कुणाकडे न बघता जाऊन बसली. गोंधळ्याला चुकायला काही सापडलं नव्हतं. तो नुसता म्हणाला, "कॅट. बॅट. मॅट. रॅट."

होनराव उठून माइककडे निघाले. त्यांच्याआधी पद्मजा पोचली. आपण तिथं कसे गेलो ते तिलाही कळलं नाही.

"सर," ती इंग्रजीत म्हणाली, "बिफोर यू स्पीक, आय वॉन्ट टू शो माय लॅम्प्स."

मांडवात कुजबूज झाली. पद्मजानं गोंधळ्याचे कान स्वतःकडे वळवले आणि बोलायला लागली. पाठ केलेलं काहीच नव्हतं. आपला वर्ग आधी कसा होता, मुलं कशी पळायची, कशी चुकायची, कशी ओरडायची, ते सांगत होती. सुरुवातीला चार दिवे लागले, तिचं वाक्य अडकलं तसे तीन झाले. मग दोन. मागून कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. "व्हेन आय सी द लॅम्प, आय अफ्रेड. सो आय से स्मॉल थिंग. चिल्ड्रन ऑल्सो. दे आर नॉट गोइंग अप, सर. दे आर... दे आर हायडिंग."

"हायडिंग अंडर द बेड?" गोंधळ्यानं उत्सुकतेनं विचारलं.

"नो, गोंधळ्या! हायडिंग इनसाइड!" ती म्हणाली. मग मराठीत सगळ्यांकडे वळली. "माझे दोन दिवे. बघून घ्या. आता मोठ्यांतलं कोण येतंय? साहेब, तुम्ही या की."

होनराव हसले आणि मोबाइलमध्ये बघायला लागले. बाकी कुणी जागचं हललं नाही. पालकांची नजर जमिनीवर गेली. एवढी शांतता होती की बाहेरच्या बर्फगोळ्याच्या गाडीची घंटा मांडवात स्पष्ट ऐकू आली.

मागच्या रांगेतून मल्लिका उठली. ती पुढं येईपर्यंत पद्मजाचा जीव वरखाली होत होता. नको, असं तिला म्हणायचं होतं.

"टेंपल केम?" घंटा ऐकून गोंधळ्यानं विचारलं.

"नो," मल्लिका म्हणाली. "इट इज नॉट अ टेंपल. इट इज अ मॅन. ही हॅज अ... अ कार्ट. ही मेक्स आइस... ही रब द आइस..." सहा दिव्यांचे चार झाले, चाराचे दोन. मल्लिकानं गोंधळ्याच्या पोटाकडे पाहिलं. लाल झाली. मग तिनं मान वर केली ती पुन्हा खाली घातली नाही. "ही पुट्स कलर. अँड इट इज सो कोल्ड दॅट युअर टीथ आर... आर डान्सिंग!"

"ब्लू शूज ऑन द आइस?" गोंधळ्यानं विचारलं.

लास्याला आता राहवेना. ती खुर्च्यांमधून वाट काढत धावत आली. "नो, गोंधळ्या! रेड! रेड आइस! आय वॉन्ट रेड आइस!"

"ग्रीन!" समर्थ ओरडला. "ग्रीन इज बेस्टेस्ट!"

"मिक्स, मिक्स!" लास्याची आई सरस्वती उभी राहून म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून हसत सुटली. मग काही धरबंध राहिला नाही. मुलं टेबलाला भिडली, पालक मागून रंग सुचवायला लागले. कुणाचा आवाज कुठला, हे गोंधळ्याला कळेना. पोटावरचे दिवे एक-सात-तीन-पाच असे वेड्यासारखे उघडझाप करायला लागले. त्या गर्दीत तो नेमका होनरावांकडे वळला. "सर, यू ईट वन किलो आइस?"

"नो, नो," होनराव गडबडले. "ओन्ली... ओन्ली लिटल. ऑरेंज." एक दिवा लागला. त्यांनी तो पाहिला आणि चटकन त्यावर तळहात ठेवला. आपणही दिवा लपवला, हे त्यांना त्याच क्षणी उमगलं असावं. हात न काढताच ते अबोलींना म्हणाले, "डॉक्टर, हे दिवे काढायला किती वेळ लागतो?"

"आत्ता काढते," अबोली म्हणाल्या आणि पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागल्या. "आणि जिल्ह्यातल्या शाळा?"

"बिनदिव्यांचेच द्या."

मांडवातली अर्धी माणसं बर्फगोळ्याच्या गाडीकडे गेली. व्यंकटेश दोन्ही हातांत गोळे सांभाळत परत आला, तेव्हा पद्मजा आणि मल्लिका मांडवाच्या खांबापाशी उभ्या होत्या. मल्लिकाचे डोळे लखलखत होते. हातवारे करत ती आईला काहीतरी सांगत होती, भूतकाळ-वर्तमानकाळ एकमेकांत घुसवत. पद्मजा मध्येच तिला अडवत होती, तितक्याच मोडक्या वाक्यांत.

"अगं, गोळा वितळतोय," व्यंकटेश म्हणाला. "काय चाललंय तुमचं?"

"वेट, पप्पा!" दोघी एकदम म्हणाल्या आणि पुढं बोलायला लागल्या.